ग्लुकोसाइड + फॅटी अल्कोहोल मायक्रोइमल्शन: युरोपात पेटंट रद्द, आता अपील. जीव आहे का यात?

फेसाळ
नमस्कार मंडळी. इथे केमिस्टही आहेत आणि पेटंटवालेही, म्हणून विचारतोय. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.
आमचं एक युरोपियन पेटंट होतं. क्लेम १ थोडक्यात असा: अल्किल पॉलिग्लुकोसाइड (पुढे एपीजी म्हणतो, साखरेवर आधारलेलं सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं साफ करणारं द्रव्य), सोबत सी८ ते सी२२ चं (साखळीत ८ ते २२ कार्बन असलेलं) फॅटी अल्कोहोल ०.१ ते ५ टक्के, तेल, पाणी, आणि हे सगळं मायक्रोइमल्शन (तेल-पाण्याचं पारदर्शक मिश्रण) स्वरूपात. मेकअप पुसायच्या ओल्या वाइप्ससाठी. प्रतिस्पर्ध्याने ऑपोझिशन (पेटंटला हरकत) टाकलं आणि पेटंट ऑफिसच्या ऑपोझिशन डिव्हिजनने पेटंट उडवलं, कारण काय तर इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, म्हणजे जाणकाराला सहज सुचणारं आहे. एपीजी जुनं, फॅटी अल्कोहोल जुनं, मायक्रोइमल्शन तर त्याहून जुनं, मग तुम्ही केलंत काय? अपील दाखल झालंय, ग्राउंड्स (अपिलाची लेखी कारणं) पण गेलेत.
माझं स्पष्ट मत आहे की हा अन्याय आहे. घटक जुने म्हणून मिश्रण जुनं हे कुठलं लॉजिक? तुम्हाला काय वाटतं, आणि अपिलात नव्या टेस्ट देता येतात का?

बोरूबहाद्दर
रुमाल टाकून ठेवतो. कळणार काही नाही पण भांडण बघायला मजा येईल.

सोलापुरी_चादर
साखरेवर आधारलेलं सर्फॅक्टंट?? म्हणजे आमच्या उसाला भाव येणार की काय राव? चेअरमनला सांगू का?

ओलिओ_आजोबा
चादर, घाई नको. एपीजीत ऊस नसतो. त्यात जातो डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, आणि तो बहुतेक मक्याच्या स्टार्चपासून येतो. दुसरा भाग फॅटी अल्कोहोल, खोबरेल किंवा पाम कर्नलपासून. उसाच्या साखरेची म्हणजे सुक्रोजची एस्टर्स वेगळी, ती खाण्याच्या पदार्थांत इमल्सिफायर म्हणून चालतात.
इतिहास पण सांगून टाकतो. एमिल फिशरने १८९३ मध्ये साखर आणि अल्कोहोल ॲसिडच्या साथीने जोडून दाखवलं. डिटर्जंटसाठीचे पेटंट १९३० च्या दशकात जर्मनीत. रोम अँड हासने सत्तरच्या दशकाच्या शेवटी बाजारात आणलं, आणि खरी मोठी प्लांट्स हेंकेलची, १९९२ ला सिनसिनाटी, १९९५ ला ड्युसेलडॉर्फ. तेव्हा फेसाळ, "एपीजी जुनं" हे त्यांचं म्हणणं काही खोटं नाही हो.

तिरकस_चाल
माझं मत धागाकर्त्याच्या बरोबर उलट. असल्या मिश्रणांच्या पेटंटांनी छोट्या फॉर्म्युलेटरचा जीव घेतलाय. फरसाण जुनं, उसळ जुनी, पाव जुना, म्हणून मिसळीवर पेटंट घ्याल का? आणि घेतलंत तर कोल्हापूरवाले ऑपोझिशन टाकणारच.
अमेरिकेत तर यावर डिटर्जंटचाच निकाल आहे, १९८० चा, इन री केरखोव्हन. एकाच कामासाठी माहीत असलेल्या दोन गोष्टी एकत्र करून तिसरी गोष्ट त्याच कामासाठी बनवली तर ते प्रथमदर्शनी ऑब्व्हियस, म्हणजे सहज सुचणारं. तिकडचे एक्झामिनर कॉस्मेटिकच्या फाइलवर हे वाक्य डोळे मिटून टाकतात, आणि पीटॅबला (तिकडच्या पेटंट अपील बोर्डाला) अपील गेलं तरी बऱ्याचदा तेच ऐकायला मिळतं.

पेटंटपारायण
तिरकस, केरखोव्हन बरोबर पण अर्धंच सांगितलंत. प्रथमदर्शनी म्हणजे शेवट नव्हे, अनपेक्षित परिणाम दाखवला की ते गळून पडू शकतं. आणि शिवाय इथे दोन घटक एकाच कामासाठी नाहीत. एपीजी साफ करतं, अल्कोहोल क्रीम घट्ट करायला वापरतात. त्यामुळे ते जसंच्या तसं बसत नाही.
पण प्रकरण म्युनिकचं, म्हणजे युरोपियन पेटंट ऑफिसचं आहे, तिथली पद्धत वेगळी. आधी सगळ्यात जवळचा जुना दस्तऐवज घ्यायचा, डी१ म्हणू. मग त्याच्यापेक्षा तुमच्यात वेगळं काय ते काढायचं. त्या फरकाने नेमका काय तांत्रिक परिणाम होतो, तो पुराव्यानिशी. त्यावरून प्रश्न ठरतो, आणि मग विचारायचं की जाणकार माणसाने हे *केलं असतं* का. करू *शकला* असता, हे पुरत नाही.
फेसाळ, तुमचं डी१ काय आहे आणि फरक काय मांडलात?

फेसाळ
डी१ मध्ये एपीजी, तेल आणि पाण्याचं मायक्रोइमल्शन आहे, सोबत ग्लिसरिल ओलिएट. फॅटी अल्कोहोल नाही. आम्ही म्हटलं फॅटी अल्कोहोलने थेंब बारीक होतात आणि थंडीत, उन्हाळ्यात पारदर्शक राहतं. तुलनेची एकच टेस्ट दिली होती, अल्कोहोलसह आणि अल्कोहोलविना.

निंबोणी
एक बाळबोध प्रश्न. आमच्या आज्या रिठे, शिकेकाई उकळून केस धुवायच्या, त्यातही साखर असलेलंच सर्फॅक्टंट असतं ना? मग हळदीसारखं हेही उडवता नाही का येणार? डॉ. माशेलकरांनी सीएसआयआरमध्ये असताना हळदीचं अमेरिकन पेटंट लढून रद्द करवलं होतं की.

ओलिओ_आजोबा
निंबोणीताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. रिठ्यातलं सॅपोनिन म्हणजे साखरेचे कण चिकटलेला ट्रायटर्पीन, त्यामुळे तो ग्लायकोसाइड आहे आणि फेसही करतो. पण कुठल्याच आजीने त्यात ऑक्टेनॉल (सी८ चं अल्कोहोल) घालून पारदर्शक मायक्रोइमल्शन केलं नव्हतं. हळदीच्या वेळी मुद्दा वेगळा होता. क्लेमच हळदीने जखम भरण्याचा होता आणि तोच आपल्याकडे आधीपासून लिहिलेला होता, म्हणून १९९७ ला तो टिकला नाही. रिठा दाखवून हे पेटंट पडणार नाही.

निंबोणी
ओके आजोबा, धन्यवाद. पण शिकेकाई माझी, मी सोडणार नाही :)

ओलिओ_आजोबा
आता मुख्य केमिस्ट्रीकडे येतो, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातंय.
मायक्रोइमल्शन हे नुसतं बारीक इमल्शन नव्हे. ते थर्मोडायनॅमिकली स्थिर असतं, आपण ढवळलं म्हणून बनत नाही, घटक आणि प्रमाण बरोबर असलं की आपोआप बनतं. नॅनोइमल्शन दिसायला तसंच, पण ते जोर लावून बनवलेलं, कधीतरी फुटणार. इथॉक्सिलेटेड (इथिलीन ऑक्साइड जोडून बनवलेल्या) सर्फॅक्टंटमध्ये तापमान वाढवलं की त्याचा कल पाण्याकडून तेलाकडे जातो, त्या जोरावर सिस्टिम उलटवता येते. एपीजीचं डोकं साखरेचं, ते गरम केल्याने फारसं पाणी सोडत नाही. तापमानाची चावीच नाही! मग कल बदलायचा कसा? मध्यम लांबीचं अल्कोहोल घालायचं. ते सर्फॅक्टंटच्या थरात घुसून बसतं आणि थराचा बाक बदलतं.
आमच्या लॅबमध्ये पोरांना मी करून दाखवायचो. बीकरमध्ये एपीजी, तेल, पाणी घ्या, दूध होतं. थर्मोस्टॅटमध्ये ठेवून मायक्रोपिपेटने ऑक्टेनॉल थेंब थेंब सोडा. दुधाला आधी निळसर झाक येते, मग एका थेंबाला अचानक आरपार दिसायला लागतं, बीकरमागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतात. दोन क्रॉस केलेल्या पोलरायझरमध्ये धरा, काळंकुट्ट दिसलं पाहिजे. उजळलं तर ते लॅमेलर (थरावर थर रचलेलं) आहे, फसू नका. आणि आणखी चार थेंब घातलेत की पुन्हा गढूळ.
आता कडू बातमी. अल्किल ग्लुकोसाइडबरोबर साधी अल्कनॉल (सरळ साखळीची अल्कोहोलं) घालून मायक्रोइमल्शन कसं जमवायचं यावर गटिंगेनच्या काहलवाइट यांच्या गटाने १९९५ मध्येच पेपर छापलाय. समोरच्यांकडे तो असेल असं धरूनच चाला.

फेसाळ
आहे. त्यांचं डी४ तेच आहे.

बोरूबहाद्दर
अरेरे. पॉपकॉर्न संपले.

तिरकस_चाल
मग संपलंच की! डी१ अधिक डी४, खेळ खलास. धागा बंद करा.

पेटंटपारायण
इतकं सोपं नसतं तिरकस. डी४ मधलं तेल साधं अल्केन असेल, शुद्ध मोनोग्लुकोसाइड असेल. वाइप्समधल्या एस्टर तेलाला जाणकार माणूस ते का लावेल, हा वाद घालता येतो. पण मला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. क्लेममध्ये सी८ ते सी२२ लिहिलंय. आजोबा, सी१८ चं स्टेअरिल अल्कोहोल घातलं तर काय होईल?

ओलिओ_आजोबा
मायक्रोइमल्शन विसरा. सिटाइल, स्टेअरिल ही लांब साखळीची मंडळी पाण्यात लॅमेलर जेलचं जाळं करतात. म्हणूनच तर क्रीममध्ये सीटोस्टेअरिल घालतात ना, पांढरं घट्ट होण्यासाठी. वाइप्सच्या लोशनमध्ये घातलं तर लोणी होईल, कापड भिजणार नाही.

पेटंटपारायण
झालं. आता बघा कसं दोन्हीकडून सापडतंय. परिणाम क्लेमच्या सगळ्या रुंदीत मिळाला पाहिजे, नाहीतर तो प्रश्नात धरता येत नाही, हे अपील बोर्डाच्या टी ९३९/९२ पासून म्हणजे ॲग्रेव्हो निकालापासून पक्कं आहे. मग उरतं "आणखी एक मिश्रण देणे", आणि तो प्रश्न सोडवायला हुशारी लागत नाही.
बरं, तुम्ही म्हणाल क्लेममध्येच "मायक्रोइमल्शन" शब्द आहे, त्यामुळे जे जमत नाही ते आपोआप बाहेर. तर जी १/०३ (जी म्हणजे विस्तारित अपील बोर्डाचा निकाल) सांगतं की परिणाम क्लेममध्ये लिहिला असेल आणि तो मिळत नसेल तर ती इन्व्हेंटिव्ह स्टेपची नाही, सफिशियन्सीची (अर्ज वाचून शोध करता येतो का याची) अडचण, म्हणजे युरोपियन पेटंट कराराचं कलम ८३. जाणकाराला तुमचं वाचून सी१८ ने मायक्रोइमल्शन करता येईल का? आजोबा तर नाही म्हणतायत.

म्युन्शेनकर
मी इथलाच, पेटंटवाला नाही, पण शेजारी तिकडे नोकरीला आहेत. एक छोटी दुरुस्ती, अपिलांची बोर्ड्स २०१७ ला म्युनिक शहरातून जवळच्या हार गावात हलवली होती. एसबान (लोकल ट्रेन) पकडून जायचं. निकाल बहुतेक वेळा सुनावणीच्या शेवटी तिथेच सांगतात, कारणं मागाहून लेखी येतात. आलात तर कॉफी माझ्याकडून, वाइप्स तुमच्याकडून.

सोलापुरी_चादर
अवांतर: ते हार गाव जिंकणाऱ्यांसाठी नाही का ठेवलं?

दिवा_लोकल
मी तळोज्याच्या एका प्लांटात क्यूसीला होतो, आता दुसरीकडे आहे. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. एपीजी बनवताना फॅटी अल्कोहोल जास्तीचं घालतात, नाहीतर ग्लुकोज स्वतःशीच जुळत बसतं. रिॲक्शन झाली, न्यूट्रल केलं, की उरलेलं अल्कोहोल व्हॅक्युममध्ये थिन फिल्मवर उडवायचं. पूर्ण कधीच उडत नाही. आमच्याकडे फ्री अल्कोहोलचं स्पेक "जास्तीत जास्त १ टक्का" असं असायचं, आणि जीसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) प्रत्येक लॉटला काहीतरी पीक दिसायचाच. सी१२-१४ वाला माल थंडीत ड्रममध्ये मेणासारखा धरायचा, हॉट रूममध्ये ठेवून हलवल्याशिवाय सॅम्पल काढलं तर आकडा कसाही यायचा, त्यावरून प्रॉडक्शनशी भांडणं.
मुद्दा असा की तुमची ती "अल्कोहोलविना" टेस्ट, ती खरंच विना होती का? आणि डी१ वाल्यांनी बाजारातलंच एपीजी वापरलं असेल तर त्यातही अल्कोहोल होतंच की.

पेटंटपारायण
दिवा_लोकल, दंडवत घ्या!!
फेसाळ, हिशोब करा. डी१ च्या उदाहरणात बाजारातलं एपीजी द्रावण २० टक्के घातलं असेल आणि त्यात १ टक्का फ्री अल्कोहोल असेल, तर तयार मालात ०.२ टक्के. तुमच्या क्लेमची खालची मर्यादा ०.१!

फेसाळ
डी१ च्या उदाहरण २ मध्ये २५ टक्के आहे. बापरे.

तिरकस_चाल
आता इन्व्हेंटिव्ह स्टेप लांब राहिली, नॉव्हेल्टीच (नवेपणाच) गेली की. मी आधीच म्हटलेलं.

पेटंटपारायण
नाही, थांबा, इथे फेसाळच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. स्पेक "जास्तीत जास्त १" म्हणजे ०.०५ पण असू शकतं. युरोपात लपलेली गोष्ट "थेट आणि निःसंदिग्धपणे" मिळाली पाहिजे, बहुधा असेल हे चालत नाही. सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर, त्यांनी त्या काळातल्या लॉटचं ॲनालिसिस आणावं. मात्र "ड्रममध्ये काय होतं हे कुणाला उकलून तसंच बनवता आलं नसतं, म्हणून तो माल जुनी कला नाही" असा बचाव आता चालणार नाही. जुलै २०२५ च्या जी १/२३ ने तो दरवाजा बंद केलाय.
दुसरं, त्यांनी ऑपोझिशनमध्ये नॉव्हेल्टीचं ग्राउंड घेतलं होतं का?

फेसाळ
नाही, फक्त इन्व्हेंटिव्ह स्टेप आणि सफिशियन्सी.

पेटंटपारायण
मग अपिलात नॉव्हेल्टी नव्याने घुसडायला तुमची परवानगी लागते, जी १०/९१. पण फार खुश होऊ नका. जी ७/९५ म्हणतं की जवळच्या दस्तऐवजावरून नॉव्हेल्टी नाही हा मुद्दा इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या चर्चेत बघता येतो. म्हणजे पुढच्या दाराने नाही तर मागच्या.

निंबोणी
हे सगळं वाचून मला वाटायला लागलंय की मूळ ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने ०.१ का लिहिलं?

ओलिओ_आजोबा
कारण सगळेच ०.१ लिहितात हो ताई. जितकं रुंद तितकं बरं, हा सगळ्या कंपन्यांचा आजार. लॅबमध्ये जे चाललं ते २-३ टक्के आणि कागदावर ०.१ ते ५. बाकी या क्षेत्रात पडायला कारण आहे हेही खरं. इथॉक्सिलेटेड मालात १,४-डायऑक्सेन हे नको असलेलं रसायन राहतं, न्यूयॉर्कने कायदा करून साफसफाईच्या मालात २०२२ अखेर २ पीपीएम आणि वर्षभराने १ पीपीएमची मर्यादा घातली. एपीजीत इथिलीन ऑक्साइड वापरतच नाहीत, त्यामुळे सगळे तिकडे धावले आणि पेटंटची गर्दी झाली.

देशी_वकील
उशिरा आलो. आपल्याकडे हा अर्ज असता तर आणखी एक भिंत होती, कलम ३(ई). नुसतं मिश्रण, ज्यात घटकांचे गुण फक्त बेरजेने येतात, ते शोधच नाही. सिनर्जीचा (बेरजेपेक्षा जास्त परिणामाचा) डेटा नसेल तर मुंबईच्या पेटंट ऑफिसात पहिल्याच रिपोर्टमध्ये हे कलम येतं. अपीलही आता वेगळं, २०२१ मध्ये आयपॅब (बौद्धिक संपदा अपील मंडळ) गुंडाळल्यापासून कलम ११७ए खाली हायकोर्टात, तीन महिन्यांत. तिरकसभाऊंना आपला कायदा जास्त आवडेल.

तिरकस_चाल
आवडतोच. बेरीज म्हणजे शोध नव्हे, याहून सरळ वाक्य नाही. फक्त "सिनर्जी" म्हणून एक तक्ता चिकटवला की एक्झामिनर गप्प बसतो, तेवढं थांबवा.

फेसाळ
चर्चा मस्त चाललीये पण माझा मूळ प्रश्न राहिला. नव्या टेस्ट आता देता येतील का? आम्ही तयारी करतोय, अल्कोहोल वेगवेगळ्या प्रमाणात, सी८, सी१०, सी१२.

पेटंटपारायण
दोन अडथळे, वेगवेगळे, गल्लत करू नका.
एक, मूळ तारखेनंतरचा पुरावा म्हणून चालेल का. जी २/२१, मार्च २०२३, कीटकनाशकांच्या मिश्रणाचंच प्रकरण होतं. तो परिणाम मूळ अर्जाच्या शिकवणीत सामावलेला आणि त्याच शोधाचा भाग आहे असं जाणकाराला दिसलं पाहिजे. तुमच्या अर्जात पारदर्शकता आणि थेंबाचा आकार लिहिलाय, त्यामुळे इथे ठीक.
दोन, उशीर. हा खरा खड्डा. अपील बोर्डाच्या २०२० च्या प्रोसिजर नियमांप्रमाणे अपील म्हणजे खालच्या निर्णयाची तपासणी, दुसरी इनिंग नव्हे. जे खाली द्यायला हवं होतं ते वर आणलं तर बोर्ड घेणार नाही, त्या नियमांचं कलम १२(६). ग्राउंड्स पण गेलेत म्हणता, म्हणजे आणखी कठीण, कलम १३ लागेल. "खाली एकच टेस्ट का दिली" याचं चांगलं उत्तर लागेल. आहे का?

फेसाळ
उत्तर म्हणजे... तेव्हा बजेट नव्हतं.

देशी_वकील
हे त्यांना सांगू नका.

पेटंटपारायण
मग टेस्टचा नाद कमी करा आणि ऑक्झिलियरी रिक्वेस्ट (मुख्य क्लेम पडले तर पर्यायी, आवळलेले क्लेम) बघा. क्लेम आवळून सी८-सी१० आणि अल्कोहोल १ ते ५ टक्के, असं काही खाली दाखल केलं होतं का? तसं झालं तर ड्रममधल्या उरल्यासुरल्या अल्कोहोलचा मुद्दा संपतो, कारण २५ टक्क्यांतून १ टक्का येणं शक्यच नाही. सी१८ चाही संपतो. उरतो फक्त काहलवाइट, आणि त्याच्याशी लढता येईल.

फेसाळ
तिसरी ऑक्झिलियरी रिक्वेस्ट जवळपास हीच आहे! डिव्हिजनने तीही फेटाळली, इन्व्हेंटिव्ह स्टेपवरच. अपिलातही कायम ठेवलीये. अर्जात सी८-सी१० "पसंतीचं" म्हणून आहे आणि १ ते ५ हेही "पसंतीचं" म्हणून आहे, पण वेगवेगळ्या परिच्छेदात.

पेटंटपारायण
खाली रीतसर दाखल होती आणि त्यावर निर्णय झालाय, म्हणजे ती अपिलात नवी धरली जाणार नाही, हे उत्तम. समोरचा मात्र कलम १२३(२) (मूळ अर्जात नसलेलं नंतर घालता येत नाही) काढणार, दोन याद्यांमधून एकेक उचलून तुम्ही नवीन जोडी बनवलीत म्हणून. दोन्ही एकत्र दिसतील असं एखादं उदाहरण आहे का अर्जात?

फेसाळ
उदाहरण ४, कॅप्रिल अल्कोहोल २ टक्के. उदाहरण ५, डेसिल, ३ टक्के.

पेटंटपारायण
मग बोट दाखवायला जागा आहे. दोन्ही पसंतीचे आणि उदाहरणंही त्याच जोडीची. मुख्य रिक्वेस्टवर तास घालवू नका, तिसरीवर लढा. माझा अंदाज, मुख्य पडणार, तिसरीला पन्नास-पन्नास. तिरकसभाऊ शंभर टक्के पडणार म्हणतील.

तिरकस_चाल
ऐंशी म्हणतो. उदाहरण ४ बघून वीस दिले.

दिवा_लोकल
फेसाळ, एक करा. तुमच्या त्या "अल्कोहोलविना" टेस्टमध्ये वापरलेल्या एपीजीचा लॉट नंबर वहीत असेल. स्टोअरमध्ये त्याचं रिटेन सॅम्पल (राखून ठेवलेला नमुना) पडलंय का बघा, आणि असलं तर हॉट रूममध्ये पूर्ण वितळवून, नीट ढवळून मगच जीसीला पाठवा. वरवरचं काढून पाठवलंत तर समोरचा त्यावरच तासभर बोलेल.

फेसाळ
सोमवारी स्टोअरवाल्याला पकडतो. लॉट नंबर वहीत आहे, सॅम्पल आहे की फेकलं ते बघावं लागेल.